मुलं घरी शिकतात, तेव्हा घर कसं चालतं?

डब्याची घाई नाही, रिक्षाचा हॉर्न नाही, प्रगतिपुस्तकावर सही नाही. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांचे आयुष्य बाहेरून असे निवांत दिसते. प्रत्यक्षात त्या घराचा दिवस कसा जातो? आणि तो कोणाच्या बळावर उभा असतो?

सकाळी साडेसहा ते आठ हा शहरी घरातला सर्वांत धामधुमीचा वेळ. कुठे एक पायमोजा सापडत नाही, कुठे वॉटरबॅगचे झाकण हरवलेले असते, कुठे अर्धवट राहिलेला गृहपाठ ऐन वेळी आठवतो. एका हाताने पोळी उलटत आणि दुसऱ्या हाताने वेणी घालत आई कसेबसे मुलाला दारापर्यंत पोहोचवते आणि रिक्षा वळणाआड गेली की सोफ्यावर टेकते.

पण त्याच इमारतीत एखादे घर असेही असते, जिथे आठ वाजता सहा-सात वर्षांची मुलगी ओट्यापाशी स्टुलावर उभी राहून दूध वर कसे येते ते पाहत असते. धाकट्याची झोप अजून पुरी झालेली नसते. साखर मागायला आलेली शेजारीण विचारते, ‘‘आज सुट्टी का गं?’’ आणि आई उत्तर देते, ‘‘नाही, ती घरीच शिकते.’’ मग एकामागून एक प्रश्न येतात. परीक्षेचे काय? मित्रमैत्रिणींचे काय? पुढे नोकरी कोण देणार? आणि सर्वांत शेवटी, जरा आवाज खाली आणून : ‘‘तुला जमतं हे सगळं?’’

खरे तर हा शेवटचा प्रश्नच पहिला असायला हवा.

होमस्कूलिंगचा मार्ग धरणाऱ्या पालकांची कारणे वेगवेगळी असतात. कोणाची नोकरी बदलीची असते आणि दर दोन-तीन वर्षांनी शाळा, भाषा आणि पुस्तके बदलून मूल गांगरलेले असते. कोणाचे मूल शाळेच्या नावानेच सकाळी पोट दुखते म्हणून रडते. कोणाला पहिलीतल्या मुलाच्या पाठीवरचे दप्तर आणि दर शनिवारची चाचणी बघवत नाही. कोणाला मुलाचे सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेतून हवे असते, पण इंदूर, बडोदे किंवा बंगळुरूला राहणाऱ्या मराठी घराला जवळपास मराठी शाळा मिळत नाही. कोणाच्या मुलाचा शिकण्याचा वेगच इतरांहून वेगळा असतो.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि लहान वर्गांतली मुले जवळजवळ दोन वर्षे घरी बसली, तेव्हा घरी शिकणे म्हणजे काय याची झलक घरोघर मिळाली. महाराष्ट्रात त्याच वर्षी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. पुष्कळ पालकांनी शाळा पुन्हा उघडताच सुटकेचा निःश्वास टाकला, तर काहींना वाटले की मूल घरी अधिक मोकळेपणाने शिकते आहे. पण तो अनुभव म्हणजे होमस्कूलिंग नव्हे. त्या वेळी शाळाच मोबाइलच्या पडद्यातून घरात आली होती. अभ्यास, वेळ, परीक्षा सगळे शाळेचेच होते. घरी शिकवायचे ठरवले की या साऱ्याचा निर्णय आणि जबाबदारी पालकांवर येते.

ही नवी टूम नाही

शाळेत न जाता शिकण्याची कल्पना परदेशातून आलेली आहे, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकाने १९७७ साली या विषयाला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले आणि तिथे ही चळवळ वाढली, हे खरे. पण आपल्याकडची उदाहरणे त्याहून कितीतरी जुनी आहेत.

१८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. घरात येणारे-जाणारे, विद्यार्थी, रांधप, इतर मुले या रगाड्यात आईला दिवसा सवड मिळत नसे. म्हणून ती पहाटे लहानग्या रमेला झोपेतून उठवी, गोंजारी आणि पाखरांचा किलबिलाट सुरू असताना तोंडी पाठ देई. या हकिगतीतून विद्वान मुलगी कशी घडली हे जसे कळते, तसेच आणखी एक गोष्ट कळते. मुलीला शिकवण्यासाठी त्या आईला स्वतःची झोप मोडावी लागत होती.

दुसरे उदाहरण रवींद्रनाथ टागोरांचे. ते लहानपणी एकापेक्षा अधिक शाळांत गेले, पण कुठेच रमले नाहीत आणि त्यांचे बरेचसे शिक्षण घरी झाले. परंतु थोरले बंधू हेमेंद्रनाथ यांच्या देखरेखीखाली चाललेले ते शिक्षण म्हणजे पहाटेच्या कुस्तीपासून रात्रीच्या इंग्रजीच्या शिकवणीपर्यंत गच्च भरलेले वेळापत्रक होते. घरी शिकले म्हणजे मुलावरचे ओझे आपोआप उतरते असे नाही, हे त्यावरून ध्यानात येते. याच रवींद्रनाथांनी पुढे १९०१ साली शांतिनिकेतनात मुलांसाठी झाडाखालची शाळा काढली.

घरात वर्ग भरवू नका

बहुतेक पालक सुरुवातीला एकच चूक करतात. ते जेवणाच्या टेबलाला वर्ग करतात. भिंतीवर फळा, त्याशेजारी वेळापत्रक. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी, मग इंग्रजी. पहिले चार-आठ दिवस मूल हौसेने बसते. दुसऱ्या आठवड्यात तहान लागते, मग शू लागते, मग पेन्सिलीचे टोक मोडते. तिसऱ्या आठवड्यात आई ओरडते, मूल रडते आणि संध्याकाळी बाबा म्हणतात, ‘‘त्यापेक्षा शाळा बरी होती.’’

यात मुलाचा दोष नसतो. शाळेचा दिवस पाच-सहा तासांचा असतो, तो चाळीस-पन्नास मुलांसाठी. हजेरी, वह्या वाटणे, फळ्यावरचे उतरवून घेणे, सर्वांचे संपेपर्यंत थांबणे, गप्प बसवणे यात त्यातला मोठा भाग जातो. एका मुलाशेजारी एक मोठे माणूस बसले की तेच काम फार थोड्या वेळात होते. सहा ते आठ वर्षांच्या मुलासाठी वही-पुस्तक घेऊन बसण्याचा वेळ दिवसाकाठी तास-दीड तास पुरतो, तोही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी. उरलेला दिवस मोकळा गेला असे समजू नये, कारण खरे शिकणे पुष्कळदा तिथेच होते.

स्वयंपाकघर, बाजार, गच्ची

गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. लहान मूल हाताने काम करत करत शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालवली. मुले गुरे चारायला जातात ना, मग शाळाच कुरणावर नेऊ या, असा तो साधा विचार होता. घरी शिकवणाऱ्या आईबापांना यातून घेण्यासारखे खूप आहे. मुलाचा दिवस जिथे जातो, तिथे शिक्षण न्यायचे.

स्वयंपाकघर ही तर गणिताची प्रयोगशाळाच. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तर पाच माणसांच्या तीन वाट्यांना किती? कणकेचा गोळा अर्धा केला, पुन्हा अर्धा केला की पाव हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. विरजण लावलेले दही उन्हाळ्यात लवकर का लागते आणि थंडीत पातेले उबेला का ठेवायचे, मटकीला मोड यायला किती दिवस लागले, हे वहीत लिहून ठेवले की विज्ञानाचा धडा झाला. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर मागच्या वेळी किती दिवस पुरला आणि या वेळी पाहुणे येऊन गेल्यावर किती, हे कॅलेंडरवर खुणा करून मोजायचे काम सात-आठ वर्षांचे मूल मोठ्या अभिमानाने करते.

भाजीबाजारात पाव किलो भेंडीचे पैसे मुलाने द्यायचे आणि सुटे मोजून घ्यायचे. घाई असेल त्या दिवशी मात्र हे जमत नाही. मागे रांग लागते, भाजीवाली वैतागते, आईला घाम फुटतो. म्हणून शिकण्याचा बाजार आठवड्यातून एकदाच आणि गर्दी नसलेल्या वेळी करणे शहाणपणाचे. रात्री गच्चीवर जाऊन चंद्र पाहायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी पडताळायची. पंधरा दिवस असे केल्यावर शुक्ल पक्ष कोणता आणि कृष्ण पक्ष कोणता हे मूलच सांगू लागते.

वही-पुस्तकाच्या वेळात मात्र थोडा अभ्यास पालकांनाही करावा लागतो. उदाहरणार्थ, मराठी मूल ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते. त्याला पाच आधी ऐकू आलेले असतात, म्हणून ते पाच आधी लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तर ऐकू येतात तीस आणि लिहायचे असतात २९. याच अडचणीमुळे २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाचीही ओळख करून दिली आणि त्यावरून महाराष्ट्रभर वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवल्या की मुलाला पंचवीस दिसतात. तसेच ‘र’चे. सूर्य, चक्र, राष्ट्र आणि कऱ्हाड या शब्दांत तोच र चार रूपांत येतो. मूल अडखळले तर रागावण्याऐवजी वर्तमानपत्राचे पान आणि लाल पेन्सिल देऊन ‘र शोधून काढ’ असे सांगावे.

साहित्यावर फार खर्च करण्याची गरज नसते. बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे अशा टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली आहेत. तीही सर्वांना विनामूल्य पाहता येतात. गावातल्या वाचनालयाचे सभासदत्व हा यातला सर्वांत चांगला खर्च.

धाकट्याचे काय करायचे?

मोठीला वाचायला बसवावे आणि नेमके तेव्हाच तीन वर्षांच्या धाकट्याने तिच्या वहीवर रेघोट्या ओढाव्यात, हा अशा घरांतला रोजचा प्रसंग. त्याला दुसऱ्या खोलीत पाठवले की तो दार बडवतो. मोबाइल हातात दिला की शांत होतो, पण मग मोठीचे लक्ष मोबाइलकडे.

यावर रामबाण उपाय नाही, पण काही युक्त्या उपयोगी पडतात. धाकट्यासाठी ‘अभ्यासाचा डबा’ वेगळा ठेवावा. त्यात जुनी कुलुपे-किल्ल्या, मोठी बटणे ओवायची दोरी, रंगीत कागद असावेत आणि तो डबा फक्त ताईच्या अभ्यासाच्या वेळीच निघावा. धाकट्याची दुपारची झोप हा मोठीच्या अवघड विषयाचा वेळ ठेवावा. आणि रोज थोडा वेळ मोठीनेच धाकट्याला गोष्ट वाचून दाखवावी. तिचे वाचन होते, त्याचे ऐकणे होते आणि आईला चहा गरम असताना प्यायला मिळतो.

‘आई घरीच असते ना!’

आता मूळ प्रश्नाकडे वळायचे. हे सगळे करते कोण?

बहुतेक घरांत उत्तर एकच असते : आई. ‘ती घरी असतेच, मग शिकवायला वेगळं काय लागतं?’ असे सहज म्हटले जाते. पण हिशेब मांडून पाहावा. मुले शाळेत गेली की इतर घरांतल्या आईला चार-पाच तास मिळतात. त्यात ती स्वयंपाकघर आवरते, बँकेत जाते, शिवणकाम, शिकवण्या किंवा नोकरी करते, दहा मिनिटे पाठ टेकते. होमस्कूलिंग करणाऱ्या आईला हे तास मिळत नाहीत. घरकाम तेवढेच राहते, उलट वाढते. दिवसभर घरात वावरणारी मुले दिवसभर पसारा करतात आणि दर दोन तासांनी काहीतरी खायला मागतात. त्यातच तिची नोकरी सुटलेली असेल तर हातात स्वतःचे पैसे नसतात आणि ‘दिवसभर काय केलंस?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, ते वेगळेच.

याहून नाजूक गोष्ट आहे ती नात्याची. शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी येऊन आईच्या कुशीत रडते. घरी बाई आणि आई एकच. सकाळी ‘बेरीज पुन्हा चुकली!’ म्हणून जी ओरडते, तिच्याच कुशीत रात्री झोपायचे असते. रागावलेल्या बाईंची तक्रार मुलाने कोणाकडे करायची? शिकवण्याच्या भरात आईचा सूर रोजच चढत असेल, तर त्या घरात अभ्यासाबरोबर मुलाचे हक्काचे आश्रयस्थानही पणाला लागते.

म्हणून घरी शिकवायचे की नाही हे ठरवताना मुलाइतकाच आईचा विचार झाला पाहिजे. वडिलांनी रविवारी मुलांना बागेत नेणे हा वाटा उचलणे नव्हे. एखादा विषय पूर्णपणे वडिलांचा असावा. ऑफिसला जाण्यापूर्वीचा अर्धा तास वाचनाचा किंवा रात्रीचा अर्धा तास गणिताचा, पण नेमाने. त्या वेळात मुलाने प्रश्न विचारला तर ‘आईला विचार’ हे उत्तर नसावे. आठवड्यातली एक अर्धी सुटी आईची म्हणजे आईची. तिने त्या वेळात मैत्रिणीकडे जावे, नाटक बघावे किंवा नुसते झोपावे. घर नेहमी टापटीप दिसणार नाही, पोळ्यांना बाई लावावी लागेल, एखाद्या दिवशी खिचडीवर भागवावे लागेल, हे सर्वांनी आधीच मान्य करावे. नवऱ्याची यापैकी कशालाच तयारी नसेल, तर कल्पना कितीही चांगली असली तरी त्या घरात तिचा आग्रह धरू नये.

आजी-आजोबा आणि पाहुण्यांची परीक्षा

घरात आजी-आजोबा असतील तर ती मोठीच जमेची बाजू. आजोबांबरोबर पोस्टात जाणे, एसटीच्या वेळापत्रकाचा फलक वाचणे, आजीकडून गोष्टी, ओव्या आणि भाजी निवडण्याची रीत शिकणे हे कोणत्याही पुस्तकात नाही. पण सुरुवातीला सर्वांत जास्त विरोधही तेच करतात. ‘‘आम्ही पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घातलं आणि तुम्ही घरी बसवता?’’ या वाक्यात राग कमी आणि काळजी जास्त असते. ज्या पिढीला शाळा मिळवण्यासाठी झगडावे लागले, तिला शाळा सोडून देणे उधळपट्टीच वाटणार. वाद घालून ही काळजी जात नाही. नात स्वतःहून वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवते, तेव्हा ती जाते.

लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक तर परीक्षकच होतात. ‘‘हो का? शाळेत नाही जात? मग सांग पाहू, आठ साते किती?’’ चारचौघांत असे विचारल्यावर येत असलेला पाढाही मूल विसरते. अशा वेळी आईने मुलाची बाजू सांभाळावी आणि हसून विषय बदलावा. ‘‘आत्या, तिला विचारा काल करंज्या किती झाल्या आणि किती उरल्या,’’ असे म्हटले की प्रश्नाचा काटाही जातो आणि उत्तरही मिळते.

सवंगडी हवेतच

‘मूल एकलकोंडे होईल’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नये. सोसायटीतली सगळी मुले दुपारपर्यंत शाळेत आणि मग क्लासला. खाली खेळायला पाच वाजल्याशिवाय कोणी येत नाही. सकाळी अकरा वाजता मोकळ्या मैदानात एकट्याने झोका घेणाऱ्या मुलाचा चेहरा पाहिला की हा प्रश्न खरा आहे हे कळते.

भावंडे म्हणजे सवंगडी नव्हेत. मुलाला बरोबरीची, भांडणारी, डाव मोडणारी, पुन्हा जमणारी मुले लागतात. त्यासाठी पोहण्याचा वर्ग, खो-खोचे मैदान, तबला, चित्रकला, बालनाट्य अशा कोणत्या तरी गोष्टीला नेमाने पाठवायलाच हवे. पुणे, मुंबई, बंगळुरू अशा शहरांत घरी शिकवणारी कुटुंबे एकमेकांच्या संपर्कात असतात, मुलांना घेऊन एकत्र जमतात. लहान गावात हे कठीण जाते आणि तिथे पालकांनी या बाबीचा दुप्पट विचार करावा.

मुलीला ‘घरी ठेवणे’ वेगळे

इथे एक धोका स्पष्टपणे सांगायला हवा. आपल्या समाजात मुलींना शाळेतून काढून घरी बसवण्याची परंपरा जुनी आहे. धाकट्या भावंडाला सांभाळायला, आई कामाला जाते म्हणून स्वयंपाकाला, किंवा शाळा लांब आहे म्हणून. या प्रकाराला ‘ती घरीच शिकते’ असे गोंडस नाव देणे फार सोपे आहे.

दोन्हींतला फरक ओळखणे कठीण नाही. भाऊ शाळेत आणि बहीण घरी, असे आहे का? पाहुणे आले की नेहमी तिचाच अभ्यास बाजूला पडतो का? पीठ मळताना तिला मापे आणि प्रमाण कळते, की फक्त पीठ मळून होते? भावालाही तेच काम सांगितले जाते का? उत्तरे नकोशी वाटत असतील तर त्या मुलीची जागा शाळेतच आहे.

कायदा काय म्हणतो?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला आणि त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे हा कायदा सांगतो. पण न घातल्यास पालकांना शिक्षा किंवा दंड अशी तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंगला स्पष्ट परवानगीही त्यात नाही. त्यामुळे घरी शिकवणारे पालक कायद्याच्या दृष्टीने संदिग्ध अवस्थेत असतात, हे समजून-उमजूनच पाऊल टाकावे.

याच कायद्याने परतीची वाटही ठेवली आहे. सहा वर्षांवरील मूल कधीच शाळेत गेले नसेल किंवा मध्येच शाळा सुटली असेल, तरी त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेता येत नाही.

दहावीसाठी सर्वांत रुळलेली वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेत दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५ आहे. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे सर्व विषय एकदम देण्याची सक्ती नसते. महाराष्ट्रात १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते, पण त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाच्या पालकांनी आधीच चौकशी करणे बरे. राज्याच्या मुक्त विद्यालयात पाचवी आणि आठवीच्या परीक्षांचीही सोय आहे.

हे लक्षात ठेवा

● रोज संध्याकाळी चार ओळींची नोंद ठेवा : आज काय वाचले, काय मोजले, काय विचारले. पुढे शाळेत घालायचे ठरले तर हीच वही उपयोगी पडते आणि ‘आज काहीच झाले नाही’ ही आईची बोचही कमी होते.

● जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड, ओळखपत्रे एका फाइलमध्ये ठेवा.

● डोळे, कान आणि दात दरवर्षी तपासा. फळ्यावरचे दिसत नाही हे वर्गात लवकर उघडकीला येते, घरी ते राहून जाऊ शकते.

● अक्षरे उलटी लिहिणे, वाचनात सतत अडखळणे खूप काळ टिकले तर आळशीपणाचा शिक्का मारू नका, तज्ज्ञाला दाखवा.

● एकदम दहावीपर्यंतचा निर्णय घेऊ नका. एका वर्षाचा घ्या आणि दर मे महिन्यात घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, बसून पुन्हा विचार करा.

परत फिरणे म्हणजे हार नव्हे

मूल स्वतःच ‘मला शाळेत जायचंय’ म्हणू लागले, आईची चिडचिड रोजची झाली, घरातल्या दोघांत मुलांच्या अभ्यासावरून भांडणे वाढली किंवा महिनोन्महिने बरोबरीच्या मुलांशी गाठच पडली नाही, तर थांबून विचार करावा. नातेवाइकांना काय वाटेल, ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ असे कोण म्हणेल, या भीतीने प्रयोग रेटत नेणे चुकीचे. दोन वर्षे घरी शिकून तिसरीत शाळेत गेलेल्या मुलाचे काही बिघडत नाही. बाजारात हिशेब करायला, प्रश्न विचारायला आणि स्वतःचे स्वतः वाचायला शिकलेले मूल ती शिदोरी शाळेतही बरोबर नेते.

आणि ज्यांची मुले शाळेत जातात, त्यांनाही या घरांकडून घेण्यासारखे काही आहेच. वाटी-वाटीने तांदूळ मोजणे, गच्चीवरून चंद्र बघणे, आजोबांबरोबर पोस्टात जाणे यासाठी शाळा सोडावी लागत नाही. त्यासाठी फक्त रोजचा थोडा वेळ लागतो, आणि तो एकट्या आईने नव्हे, घरातल्या सर्वांनी मिळून काढायचा असतो.